रात्री साडेबाराला सुटी, पुढे पांदण: सायकलला कोणता टॉर्च बांधू?

रातपाळी_हिंगणघाट

नमस्कार. मी हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये दुसऱ्या पाळीत आहे. सीझन सुरू झाला की सुटी रात्री साडेबाराला होते. गाव ११ किलोमीटर. सहा किलोमीटर डांबरी, पुढचे पाच पांदण. काळ्या मातीत ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या, मध्येमध्ये मुरूम. सायकल वडिलांची जुनी अ‍ॅटलस, रॉडचे ब्रेक.

टॉर्च ऑनलाइन घेतला, ६९० रुपये, डब्यावर १०,००० लुमेन (उजेडाचं माप) लिहिलेलं. पहिल्या रात्री चिंचेच्या शेंड्यापर्यंत उजेड गेला तेव्हा लय बरं वाटलं होतं. आता १५ मिनिटांत मंद होतो, आणि सायकल चाकोरीत आदळली की आपोआप लुकलुकायला लागतो. गेल्या मंगळवारी नेमकं तेच झालं. चाकाची धाव निसटली म्हणून कोणीतरी रिकामी बैलबंडी कडेला सोडून गेलं होतं. त्या लुकलुकीत बंडीची मागची फळी दिसली ती दोन हातांवर. हँडल वळवलं आणि मुरमावर पडलो. गुडघा सोलला, दोन्ही तळहात सोलले, जेवणाचा डबा चेपला. फळी छातीला लागली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

बजेट १५०० रुपये. जास्त लुमेनचा घेऊ की दोन टॉर्च बांधू? झूमवाला बरा का?

---

धुऱ्यावरचा

भाऊ, आधी गुडघ्याला जपा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर घ्या. मुरमाची जखम आहे.

मी समुद्रपूरकडचा. आमच्या फीडरला एक आठवडा दिवसा लाईन, एक आठवडा रात्री. रब्बीत ओलिताला रात्री वावरात जावंच लागते आणि मी सायकलनेच जातो, नऊ वर्षं झाली. पाच टॉर्च वापरून झाले, त्यातले तीन तुमच्यासारखेच निघाले.

लुमेनचा आकडा डोक्यातून काढा. आत एकच १८६५० सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. चांगल्या कंपनीचासुद्धा साधारण ३५०० एमएएचपर्यंतचा (सेलमध्ये चार्ज किती मावतो त्याचं माप). वर ९९०० छापलं असेल तर ते खोटं. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. चांगला २६०० चा सेल म्हणजे साधारण साडेनऊ वॅट-तास, आणि एलईडी एका वॅटला ढोबळ मानाने १०० लुमेन देते. म्हणजे ३०० लुमेनवर टॉर्च जवळजवळ तीन तास चालेल, हजारवर एक ताससुद्धा नाही. दहा हजार लुमेनला शंभर वॅट लागतील. तो सेल ते टिकवूच शकत नाही.

आता तुम्हाला उजेड लागतो किती? ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. बंडी दिसली, डोक्यात शिरलं, हात ब्रेकवर गेला, यात एक-दीड सेकंद जातो. त्यात रॉडचे ब्रेक. वीस मीटर स्वच्छ दिसलं पाहिजे, त्याला ३०० ते ४०० लुमेन भरपूर झाले. डब्यावर "२०० मीटर" लिहिलेलं असते त्याचाही अर्थ समजून घ्या: तेवढ्या अंतरावर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचतो, बस. आणि दुप्पट लांबचं तितकंच स्वच्छ पाहायचं तर उजेड चौपट लागतो, म्हणून लांबच्या मागे लागू नका.

झूमवाला घेऊ नका. झूम केला की रस्त्यावर एलईडीचा चौकोन उमटतो आणि बाजूला काळोख. रानडुक्कर बाजूनेच येते. शिवाय सरकत्या नळीतून धूळ आत जाते. त्यापेक्षा आतली वाटी थोडी खरबरीत, संत्र्याच्या सालीसारखी असलेला घ्या. त्याचा झोत मऊ पसरतो, चाकोरीच्या दोन्ही कडा दिसतात.

लुकलुकण्याचं कारण सांगतो, कारण मी स्वतः तो टॉर्च उघडून बसलो होतो. आदळलं की सेल आत उडतो, क्षणभर स्प्रिंगपासून सुटतो. टॉर्चला वाटते बटण दाबलं, तो पुढच्या मोडवर जातो. म्हणून घेताना झाकण उघडून पाहा. मागे-पुढे दोन्हीकडे स्प्रिंग असावी. एकाच बाजूला असेल तर ती थोडी ओढून ताणा. सेल नळीत खुळखुळत असेल तर त्याच्या अंगाला कागदाचे दोन वेढे द्या, फक्त टोकं मोकळी ठेवा. आणि शक्यतो लुकलुक मोड नसलेलाच टॉर्च घ्या.

बांधणं हे निम्मं काम. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. झोताचा मधला ठिपका टॉर्चच्या उंचीपेक्षा एक हात खाली पडला पाहिजे. हँडल साधारण मीटरभर उंच असते, मग तो ठिपका रस्त्यावर दहा मीटरच्या आसपास टेकतो आणि त्याच्या कडेचा उजेड पुढचं दाखवतो. वरच्या बाजूला काळ्या डब्याच्या प्लास्टिकचं छज्जं चिकटवा, समोरच्याचे डोळे वाचतात.

उन्हाळ्यात एक पथ्य: टॉर्च उन्हात सायकलला लटकत ठेवू नका, आणि तापलेला सेल लगेच चार्जिंगला लावू नका, आधी थंड होऊ द्या. आपल्याकडच्या मे महिन्यात हे विसरून चालत नाही.

---

जुना_जागल्या

थे छज्जं खरंच लावजो बावा. पांदणीनं मी जागलीले जातो, समोरून टॉर्चवाला आला का डोळ्यासमोर काहीच रायत नाई. अंधाराले डोळे सरावाले अर्धा तास लागते, आन् थो एका झोतात जाते. माणूस दिसला का टॉर्चवर हात ठेवत जा.

आन् रोही, म्हंजे नीलगाय. दोन हिरवे डोळे चमकले तर सायकल थांबव. एक गेला म्हणून निघू नको, मांगून आखीन येतेत.

---

शाळेच्या_वाटेवर

सगळे पुढच्या उजेडाचं बोलताहेत, पण डांबरीवर धोका मागून येतो. १५०० पैकी २०० रुपये मागच्या लाल दिव्याला ठेवा. आणि ऑटोपार्ट्सच्या दुकानात रेडियमची पट्टी मिळते, ती मागच्या मडगार्डला आणि दोन्ही पायडलांच्या मागच्या कडेला लावा. वरखाली हलणारं रेडियम पाहिलं की मागच्या ट्रकवाल्याला कळतं की ही सायकल आहे. मी रोज पहाटे अंधारात निघते. पट्टी लावल्यापासून गाड्या लांबूनच बाजू घेतात, हे मला माझ्या अंगावर जाणवलं आहे.

---

रातपाळी_हिंगणघाट

तीन आठवडे वापरून लिहितो आहे. जुना सेल आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला, ३१ ग्रॅम भरला. धुऱ्यावरचा भाऊ, तुमचा तो एक सल्ला ऐकला आणि सगळं कोडं सुटलं.

नवा टॉर्च ३५० लुमेनचा, दोन्हीकडे स्प्रिंग, सेलसकट ११५० रुपये. जिनिंगच्या कंपाउंडच्या भिंतीवर ठिपका जुळवला, पाच मीटर पावलांनी मोजले. पहिल्या रात्री उजेड कमी वाटला, खोटं कशाला बोलू. पांदणीत शिरल्यावर मात्र चाकोरीची उजवी कड, तिच्यातलं पाणी, कडेचं सुकलेलं शेण, सगळं वेगवेगळं दिसलं. पहिले टॉर्चच्या पांढऱ्या डागापलीकडे काहीच नव्हतं. घरी पोचायला ४५ मिनिटं लागतात, दोन दिवसांआड चार्ज करतो.

परवा वणा नदीकडच्या उतारावर रोही दिसले. थांबलो. पाच होते.

राहिलेल्या रेडियमच्या पट्ट्या काकांच्या बंडीच्या मागच्या फळीला आणि दोन्ही खुंट्यांना लावल्या. शेजारचे दोघे आपली बंडी घेऊन आले, त्यांनाही लावून दिल्या. पडलो ती बंडी कोणाची होती ते अजून कळलं नाही, कळलं तर तिलाही लावून देईन.

एक अडचण आहे. मागच्या लाल दिव्याची क्लिप अ‍ॅटलसच्या कॅरिअरला बसत नाही, पट्टी रुंद आहे. सध्या ट्यूबच्या रबराने बांधला आहे, पण पांदणीत तो फिरून आभाळाकडे तोंड करतो. कोणी पक्कं बसवलं असेल तर कसं ते सांगा.