टेकऑफच्या वेळी सेसना १७२चं दार उघडलं तर?

नवशिका_कोथरूड

मंडळी, सेसना १७२ या छोट्या विमानावर ट्रेनिंग चालू आहे, पहिला सोलो (एकट्याने उड्डाण) तोंडावर आलाय. इंजिन बंद, आग, रेडिओ बंद, सगळं घोकून झालं. दाराबद्दल मात्र हँडबुकात जेमतेम एक परिच्छेद. नाक उचलता उचलता उजवं दार उघडलं तर काय करायचं? थांबायचं की उडायचं हे कशावरून ठरवायचं? शेजारची सीट रिकामी असताना दार लावायला हात घालावा का? पायपर विमानवाल्यांनीही लिहा, तुमच्याकडे तर एकच दार.

डाऊनविंड

सोलोला हात घालायचा नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

१७२च्या दाराच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला असतात. समोरचा वारा दाराला आत दाबतो, आणि केबिनला घासून जाणाऱ्या वेगवान हवेमुळे बाहेरचा दाब कमी होतो, तो त्याला बाहेर ओढतो. या ओढाताणीत दार दोन-तीन इंचांच्या फटीवर थरथरत राहतं. सताड उघडत नाही. चढाई किंचित मंदावते, पण विमान वळतं, उतरतं, सगळं करतं.

माणूस बिचकतो तो आवाजाने. धाडकन उघडतं, वारा घोंघावतो, गुडघ्यावरचा चार्ट उडतो, हेडसेटमध्ये टॉवरचं बोलणं ऐकू येईनासं होतं. मग पायलट उजवीकडे झुकतो, डाव्या हातातलं योक (विमानाचं स्टिअरिंग) नकळत मागे ओढलं जातं, नाक वर जातं, वेग पडतो. तीनशे फुटांवर स्टॉल झाला (पंखांची उचल गेली) तर सावरायला उंचीच नसते. म्हणजे दार निरुपद्रवी, झुकणं घातक.

चाकं जमिनीवर असतील आणि पुढे धावपट्टी उरली असेल तर थ्रॉटल पूर्ण मागे, रडरने (शेपटीच्या सुकाणूने) सरळ रेषा, मग ब्रेक. १७२एस (१७२चंच एक मॉडेल) ५५ नॉटला नाक उचलतो, त्याच्या आधी उघडलं तर बहुतेक वेळा थांबणंच शहाणपणाचं. पण आपल्याकडचा उन्हाळा हिशेबात धरा. पुण्याच्या आसपासच्या पट्ट्या समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर. ३८ अंश तापमानात घनता-उंची (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५,२०० फुटांच्या आसपास जाते. पूर्ण वजनाच्या १७२एसचा समुद्रसपाटीला, १५ अंशांत ९६० फुटांचा ग्राउंड रोल (चाकं उचलेपर्यंतची धाव) मे महिन्याच्या दुपारी जवळजवळ दीडपट होतो. वेगाच्या काट्यावर तेच ५५ नॉट दिसले तरी जमिनीवरचा खरा वेग जास्त असतो, त्यामुळे थांबायलाही जास्त जागा लागते. लोहगावसारखी अडीच किलोमीटरची पट्टी असेल तर उचलल्यावरसुद्धा समोरच परत टेकवता येईल. छोट्या पट्टीवर पाचशे फूट उरलेले असताना ब्रेक मारणं हे दारापेक्षा मोठं संकट.

चाकं जमिनीवरून सुटली की ७४ नॉट धरा, पंख समतल, ट्रिम (योक न ओढता तोच वेग राहील अशी जुळणी). फ्लॅप (पंखामागची पाती) खाली असतील तर नेहमीच्या टप्प्यावर, सावकाश वर. हजार फुटांवर समतल झालात की नेहमीचंच सर्किट (पट्टीभोवतीचा फेरा), फक्त वळणं जरा रुंद, वीस अंशांच्या आत. टॉवरला एवढंच सांगायचं: डोअर ओपन, रिटर्निंग टू लँड. ऐकू येत नसेल तर आवाज वाढवा आणि माइक ओठांना टेकवून बोला. फायनलला (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) ६५ ते ७० नॉट, फ्लॅप वीस अंश पुरेत. फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) वेग उतरतो तसं दार आणखी फडफडेल, फडफडू द्या.

पाना_नंबर_दहा

वर लिहिलंय ते ठीकच, पण दार मुळात कशामुळे उघडतं हेही बघा. हँडलला तीन जागा असतात: ओपन, क्लोज, लॉक. दार ओढलं, खट् आवाज आला, की लोक निवांत होतात. तो खट् म्हणजे फक्त क्लोज. हँडल पुढे फिरवून आर्मरेस्टला सपाट बसलं की मगच लॉक. ते तसं न करता रन-अपला (टेकऑफआधीच्या इंजिन-तपासणीला) गेलात तर उचलण्याच्या वेगाला उघडणार, कारण बाहेरची ओढ तेव्हाच वाढते.

आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे एप्रिल-मे. केबिन भट्टीसारखी तापते म्हणून टॅक्सी करताना दार किलकिलं ठेवायचं, होल्डिंग पॉइंटला (पट्टीआधीच्या थांब्यावर) घाईत ओढून घ्यायचं. पुण्यात जिन्याजिन्यात 'दार लावून घ्यावे' अशी पाटी असते, १७२मध्येही हवी. चेकलिस्टमध्ये डोअर्स अँड विंडोज वाचताना नुसतं बघू नका. तळहाताने दार मधोमध बाहेर ढकला आणि वरच्या मागच्या कोपऱ्यात उजेडाची रेघ दिसते का बघा. ती रेघ दिसली तर दार वाकलंय, लॅच (दाराची खिट्टी) झिजलाय किंवा नवीन रबर सील जाड बसलंय.

दुसरं, सीट. रेल झिजली की सीटची पिन भोकात नीट बसत नाही. दाराकडे झुकताना सीट मागे सरकली तर माणूस आधारासाठी योकच पकडतो आणि नाक आकाशात. सेसनाच्या सीट रेलवर एफएए या अमेरिकी विमान-नियामकाचा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा-आदेश) १९८७ सालापासून आहे, तो काही उगीच नाही. बसल्यावर सीट पुढे-मागे जोरात हलवून बघत जा.

लो_विंग

पायपर वॉरियर आणि आर्चरला दोन लॅच असतात, एक बाजूला, एक वर छताशी. वरचा राहून गेला की दाराचा वरचा कोपरा उघडतो आणि शिटीसारखा आवाज येतो. हँडबुकात ते हवेत लावायची रीत दिली आहे: वेग उतरवा (मॉडेलनुसार ८७-८९ नॉट), केबिनचे व्हेंट बंद, पायलटच्या बाजूची छोटी स्टॉर्म विंडो उघडी. व्हेंटची हवा आतला दाब वाढवते आणि दार बाहेर ढकलते, खिडकी तो दाब कमी करते. दोन्ही लॅच उघडे असतील तर आर्मरेस्ट ओढून आधी बाजूचा, मग वरचा. हे सगळं उंचीवर आणि शेजारी दुसरा माणूस असताना. सर्किटमध्ये नाही.

नवशिका_कोथरूड

डाऊनविंड, एक शंका. १७२च्या हँडबुकात म्हटलंय की ७५ नॉटला ट्रिम करा, दार क्षणभर बाहेर ढकला आणि जोरात ओढून लॉक करा. तुम्ही तर हात घालू नका म्हणताय.

डाऊनविंड

हँडबुक बरोबर आहे. त्याच परिच्छेदात असंही आहे की एवढ्यासाठी विमान उतरवायलाच पाहिजे असं नाही. पण 'ट्रिम करून' हे शब्द परत वाचा. म्हणजे समतल उड्डाण, हात सोडला तरी विमान जागचं हलत नाही, आणि खाली भरपूर उंची. इन्स्ट्रक्टर सोबत असेल तर एकाने फक्त उडवायचं आणि दुसऱ्याने दार. बाहेर ढकलायचं ते लॅच मोकळा करण्यासाठी, हळू ओढलं तर तो नुसता घासत राहतो. उजव्या दारासाठी उजवा पंख खाली आणि डावं रडर असा स्लिप दिला (विमान तिरकं सरकवलं) तर वारा दाराला आत दाबतो, पण कमी वेगात क्रॉस कंट्रोल (पंख एकीकडे, रडर दुसरीकडे) म्हणजे स्पिनला (गिरक्या घेत कोसळण्याला) आमंत्रण, तेव्हा सोलोमध्ये त्याचा विचारही नको. शेजारी प्रवासी असेल तर पट्टा घट्ट, हात मांडीवर. दार धरून बसायला सांगू नका.

कॅनपी_बंद

हे सगळं डायमंड डीए४०ला लावू नका. तिथे पुढे कॅनपी (उघडणारं काचेचं छत) आणि मागे वेगळं दार आहे. हवेत ते लॉक करायला जाऊ नका असं त्याचं मॅन्युअल बजावतं: हात लावताना सेफ्टी हूक सुटला तर दार उखडून जातं. डोअर ओपनचा दिवा लागला की वेग कमी करा आणि जवळच्या पट्टीवर उतरा.

सेनेकासारख्या दोन इंजिनांच्या विमानात नाकातल्या सामानाच्या कप्प्याचं दार उघडलं तर आतली बॅग प्रोपेलरच्या वाटेत येऊ शकते. तिथे जमिनीवर असाल तर थांबाच.

नवशिका_कोथरूड

आभार सगळ्यांचे. शेवटचं एक. दार बंद दिसतंय, हँडल लॉकवर आहे, पण उचलल्याबरोबर बाहेरून ठकठक ठकठक आवाज येतोय, असं झालं तर?

पाना_नंबर_दहा

पट्टा. रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल दाराच्या फटीतून बाहेर राहिलेलं असतं आणि पत्र्यावर आपटत असतं. आवाज असा की इंजिन सुटून पडतंय असं वाटावं. इंजिनाचे काटे बघा. ते जागेवर असतील तर सर्किट करून उतरा. उतरल्यावर पत्र्यावरचा रंग किती खरवडलाय ते बघा आणि टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) लिहा. दार आपोआप उघडलं असेल तर तेही लिहा, नुसतं आपटून लावून पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती देऊ नका. आणि सोलोला निघताना उजव्या सीटचा बेल्ट आवळून बक्कल लावून ठेवा.