८ जीबी रॅम खरंच कमी पडतेय का? वाढवायची की नाही, हे कसं ठरवायचं?

चौकटखिडकी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लॅपटॉप आठव्या पिढीचा आय-५ (८२५०यू) आहे. ८ जीबी डीडीआर४ रॅम, २५६ जीबीची साटा एसएसडी, विंडोज ११. सुरू केल्यावर छान चालतो. पण ब्राउझरमध्ये २५-३० टॅब, दोन मोठ्या एक्सेल फाइल आणि व्हिडिओ कॉल हे सगळं एकदम चालू झालं की अडकायला लागतो. एका खिडकीतून दुसरीत जायला चार-पाच सेकंद लागतात, टाइप केलेलं उशिरा उमटतं, कॉलमधला आवाज तुटतो. तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये रॅम ८५ ते ९० टक्के दिसते, प्रोसेसर मात्र २०-२५ टक्क्यांवरच असतो. एसएसडीत ९० जीबी जागा मोकळी आहे.

रॅम वाढवून फरक पडेल का? ‘रॅम साफ’ करणारे प्रोग्रॅम वापरावेत का? आणि रॅम घ्यायची तर कोणती, किती?

पानपलट

लक्षणं रॅम कमी पडत असल्याचीच वाटतात. तरी नुसत्या ९० टक्क्यांवर जाऊ नका. मोकळी पडलेली रॅम काही कामाची नसते, म्हणून विंडोज नुकत्याच वापरलेल्या फाइल तिच्यात ठेवून देतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘कॅश्ड’ म्हणून दिसतो त्यातला बहुतेक भाग गरज पडताच सोडून देता येतो.

खरा घोळ पुढे होतो. प्रोग्रॅम मेमरीच्या एखाद्या पानाला (विंडोज मेमरीचे जे छोटे तुकडे पाडतं, त्यांतल्या एकाला) हात लावतो आणि ते पान रॅममध्ये नसतं. मग विंडोजला आधी जागा करावी लागते. कुठलं तरी दुसरं पान बाहेर काढायचं, त्यात बदल झालेले असतील तर ते पेजफाइलमध्ये (रॅममधून काढलेली पानं ठेवायची डिस्कवरची फाइल) लिहायचं आणि हवं ते पान डिस्कवरून वाचायचं. तोपर्यंत तुमचा प्रोग्रॅम ताटकळतो. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, साटा एसएसडीवरून साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे लाखपट. एक्सेलने ब्राउझरची पानं बाहेर ढकलली आणि तुम्ही लगेच ब्राउझरवर गेलात, की तीच हजारो पानं परत आणावी लागतात. चार-पाच सेकंद जातात ते इथे. प्रोसेसर २० टक्क्यांवर दिसतो तोही यामुळेच, त्याला काम नसतं असं नाही, तो डिस्कची वाट बघत असतो.

मशीन अडकलेलं असतानाच या गोष्टी बघा. आधी बघून उपयोग नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. ‘अव्हेलेबल’ किती उरलंय ते बघा. ‘इन यूज’च्या आकड्याशेजारी कंसात कॉम्प्रेस्ड किती ते दिसतं. डिस्कवर टाकण्याआधी विंडोज पानं रॅममध्येच दाबून ठेवतं, त्याचा तो आकडा. तो १ जीबीच्या वर टिकून असेल तर ओढाताण चालू आहे. सगळ्यात महत्त्वाचा ‘कमिटेड’. त्यात दोन आकडे असतात: पहिला म्हणजे प्रोग्रॅमना देऊ केलेली एकूण मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून असलेली मर्यादा. पहिला आकडा तुमच्या ८ जीबीच्या बराच वर असेल तर सगळं एकाच वेळी रॅममध्ये मावणार नाही.

मग रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीच्या टॅबमध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’चा (सेकंदाला किती वेळा पान डिस्कवरून आणावं लागलं, त्याचा) रकाना बघा. नवा प्रोग्रॅम उघडताना तो उसळणारच, ते नेहमीचं आहे. पण आधीपासून उघड्या असलेल्या खिडक्यांमध्ये ये-जा करताना तो सेकंदाला शेकड्यांनी चढत राहिला, तर रॅम कमी पडतेय, यात शंका नको.

‘रॅम साफ’ करणाऱ्या प्रोग्रॅमच्या नादी लागू नका. ते चालू प्रोग्रॅमची पानं जबरदस्तीने बाहेर काढतात, टक्केवारी खाली येते आणि पुढच्या क्लिकला तीच पानं परत आणावी लागतात. म्हणजे दुखणं वाढतं. पेजफाइल बंद करण्याचा सल्लाही असाच घातक. मर्यादा संपली की प्रोग्रॅम न सांगता बंद पडतात, जतन न केलेलं काम जातं.

थंडपंखा

वरच्याशी सहमत, पण खरेदीआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे मेमरी गळती. मशीन रीस्टार्ट केल्यावर तेच टॅब आणि त्याच फाइल उघडा. तेव्हा सुरळीत चाललं आणि काही तासांनी तेवढ्याच कामाला अडकायला लागलं, तर कोणीतरी मेमरी घेऊन परत देत नाहीये. प्रोसेसेसमध्ये मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कुठला टॅब किंवा एक्स्टेंशन किती खातंय ते नावानिशी दिसतं. यादीतल्या सगळ्यांची बेरीज ‘इन यूज’पेक्षा फारच कमी भरत असेल तर टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात ‘नॉन-पेज्ड पूल’ (विंडोज आणि ड्रायव्हरची, डिस्कवर न जाणारी मेमरी) बघा. तो काही शे एमबी असतो. तो वाढत वाढत २-३ जीबीवर गेला तर दोष ड्रायव्हरचा, अनेकदा नेटवर्कच्या ड्रायव्हरचा. तिथे १६ जीबी घातलीत तरी तीही भरेल.

दुसरी गोष्ट उष्णता. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. अडकलेलं असताना टास्क मॅनेजरच्या सीपीयू विभागात वेग बघा. ८२५०यूचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे. कामाच्या वेळी तो त्याच्याही खाली अडकून राहत असेल तर आधी साफसफाई.

ज्यांच्याकडे ४ जीबी आणि फिरती हार्ड डिस्क आहे, त्यांनी दोन्ही बदलावं, एकावर भागत नाही. ३२ बिटचं विंडोज असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही, म्हणून आधी ६४ बिट टाकावं लागेल.

चौकटखिडकी

धन्यवाद. अडकलेलं असताना घेतलेले आकडे: इन यूज ७.२ (कॉम्प्रेस्ड १.४), अव्हेलेबल ०.६, कमिटेड १२.६/१३.९ जीबी. हार्ड फॉल्ट्स खिडकी बदलताना ७००-८००. नॉन-पेज्ड पूल ३१० एमबी. वेग २.९ गिगाहर्ट्झ. रीस्टार्टनंतरही तेवढंच उघडलं की तसंच होतं. माहितीपुस्तिकेनुसार ४ जीबी बोर्डवर सोल्डर केलेली आहे आणि एका स्लॉटमध्ये ४ जीबीची स्टिक.

पानपलट

मग प्रश्न मिटला, रॅमच वाढवा. गळती नाही, उष्णता नाही. कमिटेड मर्यादेला टेकायला आलंय, म्हणजे आणखी एखादी मोठी फाइल उघडली आणि पेजफाइल वाढू शकली नाही, तर प्रोग्रॅम कोसळू शकतात.

सोल्डर केलेली ४ जीबी तशीच राहणार, बदलता येते ती स्लॉटमधली. तिथे ८ घातली तर एकूण १२, १६ घातली तर २०. देऊ केलेली सगळी मेमरी प्रत्यक्षात वापरली जात नाही, त्यामुळे १२ मध्येही आज निभावेल, पण जेमतेम. मी १६ ची घेईन. प्रोसेसरची मर्यादा ३२ जीबी आहे, पण तुमच्या मॉडेलचा स्लॉट १६ घेतो का, ते पुस्तिकेत बघूनच घ्या. आकार असमान असला तरी बिघडत नाही: दोन्हीकडच्या ४-४ जीबी ड्युअल चॅनलमध्ये (एकदम दोन वाटांनी) चालतात, उरलेली सिंगलमध्ये (एकाच वाटेने). थोडा वेग कमी मिळेल, पण डिस्कवर जाण्यापुढे तो फरक नगण्य आहे.

सुटेभाग

स्टिक डीडीआर४ सो-डिम हवी, २६० पिनची, १.२ व्होल्टची. डेस्कटॉपची लांब स्टिक बसत नाही. डीडीआर३ किंवा डीडीआर५ चा खाचा वेगळ्या जागी असतो, जोर लावून बसवायला जाऊ नका. हा प्रोसेसर रॅमचा वेग २४०० च्या वर नेत नाही. २६६६ किंवा ३२०० ची मिळाली तरी चालेल, ती २४०० वर उतरून चालते.

बसवण्याआधी शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. साध्या शट डाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज आपली स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि हार्डवेअर बदलल्यावर ती आड येऊ शकते. चार्जर काढा, मागचं झाकण उघडा, बॅटरीचा कनेक्टर बोर्डवरून सोडवा, मग पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा. धातूच्या एखाद्या वस्तूला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार जाऊ द्या. स्लॉटच्या दोन्ही बाजूंच्या पकडी बाहेर ओढल्या की जुनी स्टिक आपोआप तिरकी वर येते. नवी स्टिक कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. साधारण ३० अंशांत तिरकी धरून आत सरकवा. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. मग खाली दाबा, पकडी ‘टक्’ करून बसतात. बहुतेक चुका इथेच होतात: पूर्ण आत न सरकवताच खाली दाबली जाते.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते, बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. घाईने बंद करू नका. तीन-चार मिनिटांनीही काही दिसलं नाही तर स्टिक काढून पुन्हा बसवा. तरीही नाही, तर जुनी लावून बघा.

चालू झालं की मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा, चार फेऱ्या. एकही चूक दाखवली तर स्टिक परत करा. सदोष रॅम लगेच कळत नाही, ती हळूहळू फाइल बिघडवत राहते.

नंतर तेच टॅब, त्याच फाइल आणि कॉल चालू करून हार्ड फॉल्ट्स परत बघा. खिडकी बदलताना ते शून्याच्या आसपास राहिले पाहिजेत.