तिघे एकदम अंगावर आले तर?

प्रश्न: दोन वर्षं कराटे शिकतेय. काल सरांनी पहिल्यांदाच तिघांना एकदम अंगावर सोडलं. पहिल्याला अडवलं, तेवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला आणि मी चक्क थिजले. जमतं तरी कसं हे?

उत्तर १: मधोमध उभी राहिलीस, तिथेच फसलीस. कडेच्या माणसाच्या बाहेरच्या अंगाला सरकायचं. बाकीचे त्याच्याच आड अडकतात. आयकिदो या जपानी युद्धकलेतल्या रांदोरीत, म्हणजे अनेकजण एकदम अंगावर येतात त्या सरावात, आम्ही निम्मा वेळ नुसती पावलंच घोटतो. कंटाळवाणं आहे, पण तेच कामाला येतं.

उत्तर २: आणि जमिनीवर अजिबात जाऊ नका. मी ज्युजित्सूवाला, म्हणजे जमिनीवर पाडून पकडीत आवळणं हाच आमचा खेळ. एकाला मस्त आवळला होता, दुसऱ्याने बरगडीत लाथ घातली. सरावच होता, तरी आठवडाभर हसता येईना.

प्रश्नकर्ती: म्हणजे जिंकायचं नाहीच?

उत्तर १: छे! फट दिसली की पळायचं.