शिकागोच्या मराठी मंडळाची देणगी सांगलीत कशी घ्यायची?

कृष्णाकाठ, सांगली: आमच्या वाचनालयाला शिकागोतलं मंडळ पुस्तकांसाठी पैसे देतंय. नेहमीच्या बँक खात्यात घेतले तर चालतील का?

मिरजकर: अजिबात घेऊ नका! अमेरिकेत नोंदलेली संस्था म्हणजे परदेशी देणगीदार, सभासद सगळे आपले मराठी असले तरी. आधी एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी लागते. त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर 15 लाख खर्च झालेला हवा. तेवढा नसेल तर एफसी-3बी हा अर्ज भरून या एका देणगीपुरती पूर्वपरवानगी मागा. त्याला मंडळाचं रकमेसह हमीपत्र जोडावं लागतं. पैसे पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात, तिथून सांगलीत परदेशी देणगीसाठीच उघडलेल्या वेगळ्या खात्यात वळवता येतात, नेहमीच्या नाही.

शिकागोवाला: मंडळ 501(सी)(3), म्हणजे अमेरिकी करकायद्यात मान्यता असलेली धर्मादाय संस्था, आहे ना, ते विचारा. असेल तरच तिकडच्या देणगीदारांना करसवलत.

कृष्णाकाठ: नोंदणी असलेल्या ओळखीच्या ट्रस्टमार्फत घेतले तर?

मिरजकर: 2020 पासून बंद. एका संस्थेची परदेशी देणगी दुसरीकडे देता येत नाही, आणि त्यात मदत करणारा ट्रस्टही अडकतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले मात्र चालतात. पासपोर्टची प्रत घेऊन ठेवा. ओसीआय कार्डवाल्याचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे, चालत नाहीत, इथेच बहुतेकांची गफलत होते.