पुस्तकाला सांभाळून घ्यायचं आणि क्रीमला धारेवर धरायचं?

चाफा (गोरेगाव)

मी त्वचेची उत्पादनं आणि मराठी पुस्तकं या दोन्हींवर मनापासून लिहिते. सनस्क्रीनबद्दल लिहिलं की लगेच विचारणा होते: पैसे देऊन घेतलंस का, त्वचा तेलकट की कोरडी, किती दिवस लावलंस? हे प्रश्न योग्यच आहेत. पण एखाद्या कादंबरीला कुणी 'अप्रतिम, प्रत्येकाने वाचावी' असं म्हटलं, तर त्याला कुणीच विचारत नाही की पूर्ण वाचलीस का, विकत घेतलीस की लेखकाने सही करून दिली.

माझं म्हणणं असं की कसोटी दोन्हीकडे एकच हवी. वस्तू फुकट आली असेल तर तसं सांगा, आणि किती वापरली किंवा किती वाचली तेही सांगा. आपल्या मुंबईतच कार्यालय असलेल्या, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने 2021 मध्ये समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांसाठी नियम केले. त्यानुसार फुकट मिळालेली वस्तूसुद्धा कंपनीशी 'संबंध' धरली जाते आणि ती जाहीर करावी लागते. पुढच्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल आता 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि शिफारस करणाराही त्यातून सुटत नाही. मासिकं तर पूर्वीपासून भेट आलेल्या पुस्तकांची यादी 'साभार पोच' म्हणून छापतात. मग आपल्याला एवढा संकोच का?

लोकलवाचक (डोंबिवली ते दादर)

असहमत. मी एका लहान प्रकाशनासाठी मुद्रितं तपासतो, त्यामुळे आतली बाजू रोज बघतो. मराठीत नव्या लेखकाची आवृत्ती हजाराची असली तरी पुष्कळ झाली, आता पाचशेचीही निघते. क्रीमच्या कंपनीला तुमच्या एका वाईट अभिप्रायाने काही होत नाही, तिच्याकडे जाहिरातीला पैसा आहे. पुस्तकाची मात्र जाहिरातच होत नाही. त्याच्याबद्दल दोनच माणसं लिहिणार आणि त्यातल्या एकाने 'कंटाळवाणं' म्हटलं की गठ्ठे गोदामात पडून राहतात.

शिवाय क्रीमने पुरळ आलं की ते दिसतं. पुस्तक रटाळ वाटलं तर दोष पुस्तकाचा की त्या दिवशी थकून गाडीत उभं राहून वाचणाऱ्याचा, हे कोण ठरवणार? आवडलं नाही तर गप्प बसावं. त्यात लबाडी नाही.

माटुंगा_रोड

लोकलवाचक, त्या गप्प बसण्याची किंमत वाचक भरतो. चारशे रुपयांची कादंबरी घ्यायची म्हणजे अनेक घरांत विचार करावा लागतो. स्तुती वाचून पुस्तक घेतलं आणि पन्नास पानांत कळलं की संपादन झालेलंच नाही, एकच प्रसंग दोनदा आलाय, शुद्धलेखनाचा पत्ता नाही, तर तो माणूस पुढचं मराठी पुस्तक घेताना हात आखडणारच. असे वाचक एकेक करून इंग्रजीकडे गेलेले माझ्याच घरात आहेत. त्यांना मराठीचं वावडं नव्हतं. खोट्या कौतुकाला ते कंटाळले होते.

आणि पुस्तकात मोजता येण्यासारखं पुष्कळ असतं. बांधणी पहिल्या वाचनात सुटते का? अक्षर आजीला वाचता येईल एवढं आहे का? भाषांतर असेल तर मूळ कोणत्या भाषेतलं, आणि ते थेट त्या भाषेतून केलंय की इंग्रजीवरून? हे लिहायला कुणाची भीड कशाला? मी आधी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून वाचतो, आवडलं तर विकत घेतो. जुनं असेल तर किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर बघतो. पण प्रत्येकाला एवढी सवड नसते, तो आपल्या अभिप्रायावरच विसंबतो.

औषधवाली (कुर्ला)

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, म्हणून वेगळं बोलते. तुम्ही सगळे 'प्रामाणिक' या गोष्टीवर भांडताय, पण त्वचेच्या बाबतीत प्रामाणिक अभिप्रायसुद्धा घातक ठरू शकतो.

पावसाळा सुरू झाला की जांघेत, काखेत, कमरेला गजकर्ण घेऊन लोकांची रांग लागते. दमट हवा, ओले कपडे, गर्दी. त्यातला एक जण फोन पुढे करतो: 'ताई, ही ट्यूब द्या, एका बाईने लिहिलंय, दोन दिवसांत खाज गेली.' त्या बाईने खरंच लिहिलेलं असतं. तिची खाज खरंच गेलेली असते. कारण त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. ते लालसरपणा आणि खाज दाबतं, खाली बुरशी पसरत राहते आणि चट्टा मोठा होऊन परत येतो. हीच मलमं चेहरा उजळावा म्हणून महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, गालांवर केस वाढतात, आणि मलम बंद करताच चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. 2018 पासून अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी गिऱ्हाईक भांडतं, कारण 'सगळ्यांना फरक पडलाय'.

बिनलेबलच्या डबीतली गोरं करणारी क्रीमं तर आणखी वाईट. काहींत पारा सापडतो आणि पारा मूत्रपिंडाला बाधतो. तिथेही पहिला महिना सगळे खूशच असतात.

म्हणून चाफा, तुमची 'एकच कसोटी' मला पटत नाही. पुस्तक वाईट निघालं तर एक संध्याकाळ गेली. मलमाबद्दल सामान्य माणसाने बरं झालं किंवा वाईट झालं यातलं काहीच लिहू नये, डॉक्टरकडे पाठवावं.

चाफा

औषधवाली, मलमाबद्दल पूर्ण सहमत. ट्यूबवर लाल पट्टी असेल तर ते औषध आहे, त्यावर आमच्यासारख्यांनी 'वापरून बघा' म्हणणं बंदच व्हायला हवं. पण फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन यांच्यासाठी कुणी डॉक्टरची फी भरत नाही. तिथे आम्ही गप्प बसलो तर फक्त जाहिरात बोलेल. 2020 मध्ये एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं, तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षं बोलणाऱ्या बायकाही होत्या.

अपुरा अभिप्राय कसा फसवतो याचं सनस्क्रीन हे उत्तम उदाहरण आहे. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं हे सांगणारा, आकडा प्रयोगशाळेत काढतात तो दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर देऊन. चेहरा आणि मानेसाठी साधारण दोन बोटं भरून. बहुतेक जणी मटारएवढं लावतात आणि लिहितात, 'अजिबात चिकट नाही, पण टॅन होतंच.' दोन्ही खरं, आणि दोन्ही कमी लावल्यामुळे! म्हणून किती लावलं हे लिहिल्याशिवाय अभिप्राय अपुरा. तसंच गव्हाळ-सावळ्या रंगावर पांढरट दिसतं का, मे महिन्यात विरारच्या गाडीत घामाबरोबर डोळ्यात उतरून झोंबतं का, हे कंपनी सांगत नाही. ते फक्त मुंबईची बाईच सांगू शकते. डागांवरच्या सीरमला मात्र वेळ द्यायला हवा. त्वचेचा वरचा थर बदलायलाच साधारण चार आठवडे लागतात, मग आठवड्यातलं कौतुक कशाचं?

गिरगावकरीण

मला फुकट वस्तू येतात, मी तसं ठळक लिहिते, आणि तरी खालच्या प्रतिक्रियांत 'विकली गेलीस' असं ऐकते. नऊशे रुपयांचं सीरम दर महिन्याला विकत घेऊन तपासणं माझ्या पगारात बसत नाही. फक्त विकत घेणाऱ्यांनीच बोलायचं ठरलं तर केवळ पैसेवाल्यांची मतं उरतील आणि त्यांची त्वचा एसीत असते. जाहीर केलं, वाईट ते वाईट लिहिलं, यापलीकडे काय हवंय?

माटुंगा_रोड

गिरगावकरीण, जाहीर करता हे चांगलंच. पण वाईट लिहिल्यावर त्याच कंपनीकडून पुढचं पार्सल येतं का? त्या भीतीने माणूस नकळत हात राखतो, त्यासाठी लबाड असावं लागत नाही.

याला मार्ग मुंबईनेच दाखवलाय. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, ती घराघरांनी एकत्र येऊन, पैसे एकत्र करून सामान घ्यायच्या कल्पनेवर. सोसायटीतल्या पाच जणींनी वर्गणी काढून एक सीरम घेतलं आणि पाच वेगवेगळ्या त्वचांवरचं मत लिहिलं, तर कंपनीचं मिंधेपण उरत नाही.

औषधवाली

कल्पना चांगली, पण फक्त पंपाच्या किंवा ट्यूबच्या वस्तूंसाठी. उघड्या डबीत पाच जणींची बोटं नकोत, काजळ-लिपस्टिक तर मुळीच नको. आणि प्रत्येकीने आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस थांबायचं.

लोकलवाचक

वर्गणीची कल्पना पुस्तकालाही चालेल, सोसायटीत एक प्रत पाच घरांत फिरू दे. त्यावर माझी हरकत नाही, उलट मुद्रितशोधकाच्या चुका पानांक देऊन लिहा, मी त्या दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रकाशकाकडे देईन. पण पहिल्याच पुस्तकाला चारचौघांत 'वाचू नका' म्हणणं मला आजही मान्य नाही. मी लेखकाला पत्र लिहीन.

चाफा

पत्र जरूर लिहा. पण ते पत्र दुकानात पुस्तक हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीला दिसत नाही, आणि तिच्याकडे महिन्याला एकाच पुस्तकाचे पैसे असतात. मी 'वाचू नका' असं लिहिणार नाही. कुठल्या पानापर्यंत वाचलं, कुठे आणि का थांबले, प्रत कुणी दिली, एवढं मात्र लिहिणारच, लेखक नवा असो की मोठा.