मदत हवी आहे: सहा महिने बंद राहणाऱ्या गावच्या घराला वाळवी आणि उंदीर (शनिवारच्या आत सांगा)

बागवाली: शनिवारी निघायचं आहे, म्हणून थोडक्यात. वरूडजवळ सासरचं घर आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी लागली (दसऱ्याच्या सुमारास) की आम्ही येतो, मृग बहाराची संत्री गेली (उन्हाळ्याच्या तोंडाला) की कुलूप लावून पुण्याला. गेल्या दसऱ्याला दार उघडलं तर आत वाळवी आणि उंदीर दोन्ही. आजेसासऱ्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला तर हातात काच आणि चौकटीचा रंग तेवढा राहिला, मागची पाटी भुगा होऊन पायावर पडली. कृषी केंद्रातून क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक आणलंय. किती पाण्यात किती घालायचं, एवढंच सांगा. "स्वच्छता ठेवा" वगैरे नको, ती ठेवतोच.

माजी_ओव्हरसियर: 20 टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं दाट औषध) असेल तर 1 लिटरला 19 लिटर पाणी, म्हणजे 1 टक्क्याचं द्रावण होतं. पक्की फरशी असेल तर भिंतीच्या कडेनं दर 30 सेंटिमीटरवर 12 मिलिमीटरचं भोक पाडून आत सोडतात. पण भिंती विटांच्या की मातीच्या? छत कसलं? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

वऱ्हाडी_ठेचा: कायचं औषध घेऊन बसले भाऊ! जळकं ऑइल आना ग्यारेजातून, चौकटीले अन् छताच्या फाट्याईले फासून द्या. आमच्या घरी वीस वर्सं झाले, उधई फिरकली नाई.

निशिगंधा: @वऱ्हाडी_ठेचा, सहा महिने बंद घरात तो वास? गाद्या फेकून द्याव्या लागतील. शिवाय वरच्या लाकडाला तेल म्हणजे एक ठिणगी पुरे.

वऱ्हाडी_ठेचा: आमचं नाई जळलं अजून.

अनुभवी_काका: डांबरगोळ्या. प्रत्येक कोपऱ्यात चार. उंदीर, साप, विंचू, सगळे पळतात.

निशिगंधा: काका, आमच्याकडे उंदरीण डांबरगोळ्या बाजूला सारून त्याच कोपऱ्यात व्याली होती.

बागवाली: भाऊ नाही, ताई. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर कवेलू (कौलं). फरशी पुढच्या खोलीत, मागे सारवलेलं. आता याचा प्रमाणाशी काय संबंध?

टेकी_पोट्टा: सोलरवाला कॅमेरा लावा, सिम टाका. पुण्यात बसून घर दिसेल.

वऱ्हाडी_ठेचा: पुन्यात बसून उधई खातानी पायतीन काय त्या?

संत्रा_संत्रा: अवांतर: मृगाला भाव काय मिळाला ताई? आमच्याकडे कोळशी रोगानं अर्धी झाडं काळी पडली.

बागवाली: कृपया विषय सोडू नका. (भावाचं विचारू नका, रडू येईल.)

माजी_ओव्हरसियर: घराजवळ विहीर आहे का?

बागवाली: मागच्या दारात, सात-आठ पावलांवर. पिण्याचं पाणी तिचंच, शेजारीही भरतात. का?

माजी_ओव्हरसियर: मग त्या औषधाचं झाकण उघडूच नका! विहिरीला इतक्या लागून जमिनीत हे औषध सोडत नाहीत. काळ्या मातीला आता भेगा पडायला लागतील, पहिल्या पावसाला सगळं पाझरून विहिरीत. हे आधी सांगायला नको? मी वर प्रमाण देऊन मोकळा झालो होतो.

निशिगंधा: आणि यवतमाळात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ती उघड्या शेतात. तुम्ही बंद खोलीत करणार होता.

आजीचीपोथी: वाळवी नेमकी कुठल्या भिंतीला होती? वरून पाणी येतं का तिथं?

बागवाली: उत्तरेच्या. पावसाळ्यात माकडांनी कवेलू फोडले होते, भिंत भिजली. तिलाच टेकून तुरीची दोन पोती आणि पुस्तकांची खोकी होती. अजूनही आहेत.

आजीचीपोथी: अगं मग पहिल्या ओळीत हे हवं होतं! वाळवीला ओल लागते, ती वरून आली. पुस्तकं तुम्ही दिलीत, उंदराला तूर दिलीत. चूल पेटायची तेव्हा धुरानं वरचं लाकूड राखलं जायचं, सारवताना भिंतीवर चढलेली मातीची नळी डोळ्यांना दिसायची आणि हातासरशी पुसली जायची. बंद घरात पाहणार कोण?

तूर आजच हलव, एक दाणा ठेवू नकोस. खोकी भिंतीपासून हातभर दूर, घडवंचीवर. नळ्या खरवडून काढ आणि शुक्रवारी परत बघ, नव्यानं बांधल्या तर आत अजून जीव आहे. आतल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड पाण्यात कालवून ब्रशनं लाव. मोरीच्या भोकाला लोखंडी जाळी, प्लास्टिकची नको, कुरतडतात. बोटाएवढी फटसुद्धा उंदराला पुरते. कवेलू मृग नक्षत्राच्या आधी, म्हणजे 7 जूनच्या आत फेरून घ्यायचे. आणि किल्ली शेजारी दे, उघडीप पडली की दारं-खिडक्या उघडायला.

बागवाली: किल्ली शेजारच्या काकूंकडे असतेच. गेल्या वर्षीही होती. त्यांनी एकदाही उघडलं नाही.

आजीचीपोथी: उघडायला सांगितलं होतंस?

बागवाली: "राहू द्या तुमच्याकडे" म्हटलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा: मंग काकूनं राखली नं इमानदारीनं! किल्लीले उधई लागली काय?

निशिगंधा: 😂

बागवाली: (शुक्रवार) चार नळ्या खरवडल्या होत्या. आज सकाळी एक परत दोन बोटं वर चढली आहे, माती ओली. नखानं उकरली तर आत पांढरे किडे वळवळत होते. सासू-सासरे उद्या जातील, मी मंगळवारपर्यंत थांबते. काकूंना या वेळी नीट सांगितलं, त्या म्हणाल्या, "बाई, मले वाटलं आत सोनं हाय." कवेलू फेरणारा माकडांमुळे पत्रे टाकायला सांगतोय. पत्र्यावर नवा धागा काढू की इथंच विचारू?

माजी_ओव्हरसियर: इथंच विचारा. घराची लांबी-रुंदी लिहा आधी.

अनुभवी_काका: डांबरगोळ्या टाकल्या का?