शिफ्टिंगमध्ये पोकेमॉन कार्डांची पेटी गेली – तक्रार कुठे, किंमत कशी दाखवायची?

नऊखणी_बाइंडर

कोथरूडहून वाकडला बिऱ्हाड हलवलं. पॅकर्सची चार माणसं, एक बंद टेम्पो. सामानाच्या यादीत खोका क्र. १७ समोर 'पुस्तके, खेळणी' एवढंच लिहिलंय. खोका पोचला, आतले दोन बाइंडरही आहेत, पण त्यांच्यावर ठेवलेली काळी झिपची पेटी नाही. खोक्याच्या वरच्या झाकणावर टेप दोनदा लागलेली दिसते: आधीची पॅकर्सची छापील, तिच्यावर साधी ब्राउन.

पेटीत ११ स्लॅब होते (ग्रेडिंग कंपनीने तपासून, दर्जाचा आकडा देऊन कडक प्लॅस्टिकात बंद केलेली कार्डं; ८ पीएसए कंपनीची, ३ सीजीसीची), टॉपलोडरमधली (कडक प्लॅस्टिकच्या पाकिटातली) साठेक सुटी कार्डं, बहुतेक १९९९-२००० ची इंग्रजी, आणि एक सीलबंद बूस्टर बॉक्स (कार्डांच्या न उघडलेल्या पाकिटांचा डबा). सामान मिळाल्याच्या कागदावर सही झालेली आहे. पॅकर्सचा मालक म्हणतो, "पत्त्यांचं काय एवढं? आणि किमती वस्तू आमच्या जबाबदारीत येत नाहीत."

तक्रार कुठल्या ठाण्यात द्यायची? कोथरूड पुणे शहर आयुक्तालयात, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये. बिलं निम्म्याच कार्डांची आहेत, बाकीची किंमत कशी दाखवायची? आणि पॅकर्सकडून काही निघेल का?

डीव्हीआर_दादा

पोलीस-वकील होईलच, आधी फुटेज वाचवा. सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) डिस्क भरली की जुन्यावर नवं रेकॉर्डिंग बसतं. १६ कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क असेल तर आठवडाही निघत नाही. दोन्ही सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आजच लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, कुठले कॅमेरे (गेट, लिफ्ट, पार्किंग), आणि 'पोलीस तपासासाठी हे फुटेज जतन करावे'. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. फुटेज तुमच्या हातात द्यायला कमिटी का-कू करेल, करू दे. जतन करायला कुठला ठराव लागत नाही.

डीव्हीआरच्या स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग म्हणजे पुरावा नव्हे. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर उतरवायला लावा. त्याच वेळी डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या. ही घड्याळं बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटं पुढेमागे असतात, आणि फरक लिहिलेला नसला की कागदावर टेम्पो निघायच्या आधीच पोचतो. पुढे कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागेल (जुनं ६५ब). त्याचा एक भाग डीव्हीआर ज्याच्या ताब्यात आहे त्याला भरून द्यावा लागतो (दुसरा तज्ज्ञाला), तेव्हा सेक्रेटरींशी भांडण नको.

गेटच्या रजिस्टरमधून किंवा ॲपमधून टेम्पोची बाहेर पडल्याची आणि आत आल्याची वेळ काढा. चांदणी चौकातून बायपासने तासाभराचं काम आहे. अडीच तास लागले असतील तर मधला वेळ कुठे गेला, हा पहिला प्रश्न.

आणि तो खोका फेकू नका. वरची ब्राउन टेप सोलूही नका. टेपच्या चिकट बाजूला बोटांचे ठसे धरून राहतात. चारही बाजूंनी फोटो काढा आणि कुणाचा हात लागणार नाही असा बाजूला ठेवा.

पेठेतला_शंकासुर

गुन्हा नोंदवण्याआधी एकदा: जुन्या घरातला माळा, गाद्यांची कव्हरं, वॉशिंग मशीनचा ड्रम, फ्रिजचे ट्रे. सुट्या लहान वस्तू हमाल अशाच ठिकाणी कोंबतात. शिवाय काम संपल्यावर बबल रॅप आणि रिकामे खोके पॅकर्स परत नेतात, त्यात काय गेलं ते विचारा. दोन टेप म्हणजे चोरीच असं नाही. खाली फाटलेला खोका पुन्हा चिकटवतातच.

डीव्हीआर_दादा

खालून फाटला तर टेप खाली लागेल. इथे वरच्या झाकणावर आहे. शोधाशोध जरूर करा, पण फुटेजचा अर्ज तोवर थांबवू नका.

हद्द_कुणाची

दखलपात्र (चोरीसारख्या) गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठे घडला यावर ते अडत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). हद्द दुसऱ्याची असेल तर शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवतात. तुमच्या बाबतीत वाकडला द्या. चोरी उघडकीला तिथे आली, खोका तिथे आहे, पंचनामा तिथेच होणार. सामान वाटेत असताना चोरी झाली असली तरी ते ज्या ज्या हद्दीतून गेलं तिथे खटला चालू शकतो. ऑनलाइनही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

पोलिसांच्या ऑनलाइन 'लॉस्ट अँड फाउंड'वर नोंद करून टाका असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. ती सोय हरवलेल्या पाकिटा-कागदपत्रांसाठी आहे. त्याने गुन्हा दाखल होत नाही, तपास होत नाही, विमावालाही ती मानत नाही. अर्जात 'गहाळ', 'मिळून येत नाही' असले शब्द टाळा. 'सीलबंद खोका उघडून आतील पेटी काढून घेतली' असं सरळ लिहा. 'मोबदला देऊन वाहतुकीसाठी सामान सोपवले होते' हे वाक्य हवंच, कारण कलम त्यावर फिरतं. साधी चोरी भारतीय न्याय संहितेच्या ३०३(२) मध्ये, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. वाहतूकदाराने सोपवलेला माल लाटला तर ३१६(३), नोकराने मालकाच्या ताब्यातलं चोरलं तर ३०६, मालवाहू गाडीतून चोरी झाली तर ३०५. या तिन्हींना ७ वर्षांपर्यंत. फरक पडतो तो असा: ३०३ ला वरिष्ठांच्या परवानगीने आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, सात वर्षांच्या कलमांना ती पळवाट नाही.

संशयित म्हणून एखाद्याच हमालाचं नाव घुसडू नका. चौघांची नावं, मोबाइल नंबर, टेम्पोचा नंबर, खोका कुणी बांधला, कुणी उचलला, इतकंच लिहा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच नाकारली तर लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांकडे, तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५(३) खाली अर्ज.

सेंटरिंग_६०_४०

मुख्य काम यादीचं. '११ पोकेमॉन स्लॅब, किंमत अमुक लाख' असं लिहून दिलंत तर सापडलेली कार्डं तुमचीच, हे उद्या कोण सांगणार? प्रत्येक कार्डाची स्वतंत्र ओळ करा: कार्डाचं नाव, सेट, क्रमांक, भाषा, आवृत्ती (फर्स्ट एडिशन म्हणजे पहिली छपाई, शॅडोलेस म्हणजे चित्राच्या चौकटीला सावली नसलेली, की अनलिमिटेड म्हणजे नंतरची सर्वसाधारण), ग्रेडिंग कंपनी, ग्रेड, सर्टिफिकेट नंबर. उदाहरणार्थ 'चॅरिझार्ड, बेस सेट, ४/१०२, इंग्रजी, अनलिमिटेड, पीएसए ७, सर्टिफिकेट नंबर अमुक'. बेस सेटची फर्स्ट एडिशन आणि अनलिमिटेड यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे तो रकाना रिकामा ठेवू नका. पंचांना चॅरिझार्ड कळणार नाही. प्रत्येक ओळीशेजारी रंगीत फोटो छापा, अनुक्रमांकासह.

नंबर असला की स्लॅब सोपा, पण चोराने किंवा पुढच्या गिऱ्हाइकाने स्लॅब फोडला की नंबर गेला. म्हणून कार्डाच्या अंगावरच्या खुणा लिहा. जुन्या होलो (चमकत्या फॉइलच्या) कार्डांत हे चांगलं जमतं. फॉइलवरची नक्षी आणि वरची छपाई एकमेकांशी जुळवलेली नसते, त्यामुळे चित्राच्या चौकटीत ते गोल, तारे, भोवरे प्रत्येक कार्डावर वेगळ्या जागी पडतात. तिरप्या उजेडात काढलेला एखादा जुना फोटो असेल तर तो भोवरा चॅरिझार्डच्या पंखाशी आहे की शेपटीशी, यावरून कार्ड ओळखता येतं. मग सेंटरिंग: डावी-उजवी आणि वरची-खालची पिवळी कड किती मिलिमीटर. मग मागच्या निळ्या कडेवर कुठल्या कोपऱ्याला पांढरं उडालंय, छपाईची रेघ कुठे आहे. फोटो मूळ फाइलच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत बारकावे मरतात आणि तारखेची माहितीही जाते.

सीलबंद बॉक्सवर वेळ घालवू नका. त्याला स्वतःची ओळख नसते, बिल असेल तर लावा, नाहीतर सोडा.

किमतीसाठी 'मागितलेली' किंमत चालत नाही. ईबेवर 'विकलेले' हा फिल्टर लावून त्याच कार्डाचे, त्याच ग्रेडचे अलीकडचे तीन व्यवहार घ्या, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, चोरीच्या दिवसाच्या डॉलरच्या दराने रुपये करा. पीएसए ९ आणि १० मध्ये कित्येक पटींचा फरक असतो, तेव्हा सुट्या कार्डाला ग्रेड केलेल्याचा भाव लावू नका. साठही सुटी कार्डं 'एकदम कोरी' दाखवलीत तर उरलेल्या यादीवरचाही विश्वास उडतो. बिल नसलेल्यांसाठी बँक स्टेटमेंट, यूपीआयची नोंद, विक्रेत्याचा ईमेल, परदेशातून मागवलं असेल तर कुरिअरची कस्टम ड्युटीची पावती, ग्रेडिंगला स्वतः पाठवलं असेल तर त्या खात्यातली ऑर्डर.

नऊखणी_बाइंडर

जुन्या घराचं फुटेज जतन झालं, पोच मिळाली. माळा आणि बाकी जागाही पाहून झाल्या. पीएसएपैकी तिघांचे नंबर मिळत नाहीत, फोटोत लेबलवर चकाकी आली आहे.

सेंटरिंग_६०_४०

विकत घेताना खरेखोटेपणा तपासायला पीएसएच्या साइटवर नंबर टाकला असेल ना? त्या पानाच्या पत्त्यातच सर्टिफिकेट नंबर असतो. फोन आणि लॅपटॉप दोन्हींच्या ब्राउझर हिस्टरीत 'पीएसएकार्ड' शोधा. नाहीतर ईबेच्या जुन्या ऑर्डरमध्ये विक्रेत्याचे फोटो पाहा. नंबर लेबलच्या पुढच्या बाजूला उजवीकडे खाली असतो, आणि विक्रेते तो स्वच्छ दाखवतात.

बिल्टी_बघा

आता पॅकर्स. सही झाली म्हणून सगळं संपलं नाही, पण आजच ईमेल आणि स्पीड पोस्टने लेखी कळवा: खोका क्र. १७ उघडलेला मिळाला, त्यातून अमुक वस्तू गेल्या, यादी सोबत. रस्ता मालवाहतूक कायदा, २००७ प्रमाणे वाहतूकदारावर दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस गेलेली असावी लागते. याच कायद्यात तुमच्या फायद्याचं एक कलम आहे: माल पोचला नाही तर त्यांचा निष्काळजीपणा किंवा गुन्हा तुम्ही सिद्ध करायची गरज नाही. तोट्याचंही सांगतो. जास्त किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. भाडं १२,००० असेल तर कमाल १,२०,०००.

कोटेशनमध्ये 'ट्रान्झिट इन्शुरन्स' म्हणून टक्केवारी लावली असेल तर पॉलिसी नंबर आणि विमा कंपनीचं नाव मागा. ते नसेल तर तो विमा नव्हे, पॅकर्सचा तोंडी दिलासा. त्याचे पैसे घेतलेत हीच मग ग्राहक तक्रारीतली चांगली बाजू.

ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, म्हणजे पुण्यातच. कार्डं कितीचीही असोत, फी तुम्ही पॅकर्सना दिलेल्या रकमेवर ठरते, आणि ती रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. त्याआधी १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) नोंद करा. निव्वळ त्यानेही काही मालक फोन उचलू लागतात.

तुमची कच्ची बाजू एकच: यादीत 'पुस्तके, खेळणी' आहे, पेटी खोक्यात होतीच कशावरून? पॅकिंगचा एखादा फोटो, घरच्यांचा ग्रुपवरचा मेसेज, काहीही शोधा ज्यात पेटी त्या दिवशी दिसते. आणि 'किमती वस्तू' वाली अट कुठल्या कागदावर, तो सामान उचलायच्या आधी दिला की नंतर, तेही पाहा.

बुधवार_रविवार

माल कुठे बाहेर येईल ते सांगतो. उचलणाऱ्याला कार्डं कळत असतीलच असं नाही. झिपची जड पेटी दिसली, काढली. त्यामुळे फक्त कलेक्टरांच्या ग्रुपवर डोळा ठेवून भागणार नाही. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, मंगळवार पेठेतला जुना बाजार (बुधवार आणि रविवार), वापरलेले मोबाइल-खेळणी घेणारी दुकानं. ऑनलाइन शोधताना 'पीएसए' टाकून उपयोग नाही. 'पोकिमॉन', 'जुने कार्ड', 'प्लॅस्टिक डबीतले कार्ड' असं शोधा, चुकीच्या स्पेलिंगसकट.

ग्रुपवर सर्टिफिकेट नंबर आणि फोटो जरूर टाका, पॅकर्सचं नाव नको, उगाच मानहानीची नोटीस याल घेऊन. प्रत्येक महागड्या कार्डाची एक खूण मात्र जाहीर करू नका. कुणी 'मला सापडलं' म्हणून आला तर तीच विचारायची.

जाहिरात दिसली तर स्वतः विकत घ्यायला किंवा भेटायला जाऊ नका. लिंक, विक्रेत्याचं प्रोफाइल, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट तपास अधिकाऱ्याला द्या. विक्रेत्याचा नंबर-पत्ता साइट पोलिसांना देईल, तुम्हाला नाही. शिवाय घासाघीस सुरू झाली की समोरचा सावध होऊन जाहिरात काढतो.

हद्द_कुणाची

सापडली तर कार्डं मुद्देमाल म्हणून जमा होतात. लगेच कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७/५०३ खाली अर्ज करून सुपूर्तनाम्यावर ताबा मागा, सोबत तीच फोटोंची यादी जोडा. खटला संपेपर्यंत वाट पाहायची गरज नाही. कोर्टाने बोलावलं की हजर करायची आणि विकायची नाहीत, एवढी अट असते.

सेंटरिंग_६०_४०

जप्तीच्या वेळी हजर राहता आलं तर दोन गोष्टी बघा. सुट्या कार्डांवर रबर बँड किंवा स्टेपल लागू देऊ नका, पंचांच्या सहीची चिठ्ठी पाकिटाला चिकटवायची, कार्डाला किंवा टॉपलोडरला नाही. आणि अर्जात लिहा की ओलाव्याने फॉइलची कार्डं वाकतात. पावसाळ्यात मुद्देमालाच्या खोलीत ती तशीच पडली तर महिन्याभरात धनुष्य होतं. झिपच्या पाकिटात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकायची परवानगी मागितली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.